तिसऱ्या गिअरचा आवाज

आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रडायची. पहिल्यात घुमायची, दुसऱ्यात गुरगुरायची, चौथ्यात मुकाट्यानं चालायची. पण तिसरा टाकला की आतून असा बारीक, लांब सूर निघायचा की गल्लीतली कुत्री उठून बसायची. माझी बायको अपूर्वा म्हणायची, "तुम्ही कोपऱ्यावर वळलात की मला कुकरकडे धावावं लागतं. शिट्टी त्याची की तुमची, कळत नाही." तिची बदली नांदेडला झाली, त्यामुळे हे टोमणे आता फक्त शनिवार-रविवारी. एरवी लातूरच्या घरात मी, माझी आई आणि फाटकाशी उभी ती छोटी, लाल, म्हातारी गाडी.

आई नायगावला शाळेत बाई होती. उभ्या नोकरीत तिनं पहिली घंटा चुकवली नाही, आणि आता सगळं विसरत चालली तरी घंटा विसरत नाही. मनात येईल तेव्हा नेसून-सवरून शाळेला निघते. शाळा राहिली तिकडे दुसऱ्या जिल्ह्यात, आणि ही लातूरच्या गल्ल्यांमधून नायगावची एस.टी. शोधत फिरते. एकदा मी फाटकाला कुलूप लावून पाहिलं. ती गज धरून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवू लागली, "मुलं वर्गात खोळंबलीत हो, सोडा मला." मला ते बघवेना. त्याच संध्याकाळी कुलूप काढलं.

ती पहिल्यांदा हरवली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. दवाखाने पालथे घातले, बसस्थानक पालथं घातलं, भेटेल त्याच्यावर ओरडलो. शेवटी रडकुंडीला येऊन, गाडी तिसऱ्यात ठेवून गल्लीबोळांतून नुसता फिरत होतो, तर एका देवळाच्या मागून आई स्वतःच बाहेर आली. पदर सावरत, हात वर करून. "आला का रे?" म्हणाली आणि दार उघडून शेजारी बसली.

तेव्हापासून तीच आमची रीत झाली. आई घरात नाही असं दिसलं की मी आरडाओरडा करत नसे. गाडी काढायची, तिसरा टाकायचा आणि सावकाश फिरायचं. कुठून तरी ती बाहेर येणार आणि "आला का रे?" विचारणार, हे ठरलेलं. माझ्या चेहऱ्याला ती कधी कधी चुकायची. मला मामा म्हणायची, हेडमास्तर म्हणायची, एकदा तर गॅसवाला समजून माझ्याशी सिलिंडरवरून भांडली. त्या आवाजाला मात्र ती एकदाही चुकली नाही.

सकाळी मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायला जातो तेव्हा शेजारच्या नीलम्माकाकू तिच्याजवळ बसतात. लिंगायतांचं घर, गंजगोलाईच्या बाजारात बी-बियाण्यांचं दुकान, मुरुडच्या वाटेवर शेत. त्यांचा मुलगा मल्लेश दुकान आणि शेत दोन्ही बघतो, आणि उरल्या वेळात शेजाऱ्यांच्या मोटारसायकली उघडतो. कुणी सांगितलेलं नसतं. त्याला यंत्र मिटलेलं बघवत नाही, एवढंच.

मार्गशीर्ष संपत आला होता. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो आणि बार्शी रोडवर उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना गिअर आपोआप सुटला. दांडी मधल्या जागी येऊन पडली. समोरून ट्रक. मी दांडी रेटतोय, ती शिरत नाही, आई शेजारी शांतपणे पाढे म्हणतेय. ट्रकवाला भला, तो रस्त्याखाली उतरला आणि जाताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. घरी आल्या आल्या मी मल्लेशला हाक मारली.

मल्लेशनं गाडी फिरवून पाहिली. "सर, गिअरचं तेल कवा बदललंय?"

"ते बदलतात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "इंजिनचं बदलायलात, अन् ह्याला तसंच ठिवलंत? गाडी घेतल्यापासून? अहो, लई हाल केलेत की हिचे. रविवारी बसू."

"आणि आवाज? तो राहील ना?" मी विचारलं. कुणी आवाज राहावा म्हणून दुरुस्तीला बसतं का! पण मला तेवढीच काळजी होती.

"आवाज बेअरिंगचा आसंल. तेलानं जायचा न्हाई त्यो. तुम्ही बिनघोर ऱ्हावा."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही अंगणात गाडी चढवली. पुढची चाकं दोन लाकडी ठोकळ्यांवर, मागच्या चाकांना दगड. इंजिन आधी थोडं तापवून घेतलं, म्हणजे तेल पातळ होऊन नीट उतरतं. खाली शिरलो दोघंही. नवीन तेल भरायचा बोल्ट गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि जुनं सोडायचा बुडाला. मल्लेशनं आधी वरचा ढिला केला. "आधी भरायचं तोंड उघडायचं, मग सोडायचं. वरचा नाही निघाला अन् खालून सांडून बसलो, तर गाडी जाग्यावर मेली." मग बुडाचा बोल्ट फिरवला आणि रंगाची रिकामी बादली खाली सरकवली.

तेल पडायला लागलं. काळं, जाड, सडक्या अंड्यासारखा वास मारणारं, आणि उन्हाची तिरीप पडली की आत चांदीची धूळ चमकावी तसं. इतक्या वर्षांचा झिजलेला गिअर, मल्लेश म्हणाला. धार बारीक झाली, पण तुटेना. आम्ही दोघं उताणे पडून ती बघत होतो. आणि मला वाटलं, बादलीतून तो सूर येतोय. अगदी हलका, माठात कुणी तोंड घालून गुणगुणावं तसा. मल्लेशला विचारलं, तर तो म्हणाला की धारेचा आवाज आहे. तेल जाड असलं की घुमतं.

तेवढ्यात आईचे पाय दिसले. ती ओसरीवरून उतरून गाडीजवळ आली होती. बादलीपाशी वाकली आणि म्हणाली, "यज्ञेश, किती वेळ रे? बाहेर ये बघू."

"आलोच," मी गाडीखालून म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बादलीतच बघत राहिली, मग हसली आणि ओसरीवर जाऊन बसली. मला ते हसू आवडलं नाही. पण हातात पाना होता, कोपरापर्यंत काळा झालो होतो, आणि मनात म्हटलं, हिच्या प्रत्येक हसण्याचा अर्थ लावत बसलो तर मलाच दवाखान्यात न्यावं लागेल.

खालचा बोल्ट पुसून, तांब्याची नवी चकती घालून बसवला. वरच्या तोंडात नळी खुपसून नवीन तेल नरसाळ्यानं ओतलं, मधासारखं स्वच्छ. तोंडातून परत ओघळायला लागलं की पुरे. बादलीतलं जुनं तेल मल्लेशनं मागून घेतलं. आपल्याकडे जळकं ऑइल कुणी फेकत नाही. दाराच्या चौकटीला, बाजेच्या पायांना, कुंपणाच्या डांबांना चोपडतात, वाळवी लागत नाही. "शेतावरच्या आखाड्याच्या फाटकाला नवे खांब रोवलेत," तो म्हणाला. "येळवसला पाव्हणे येणार. त्याच्या आत चोपडून टाकतो."

मग आम्ही गाडी फिरवून आणली. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. पहिला, दुसरा, आणि तिसरा.

काही नाही. नुसता टायरचा आवाज.

"बगा!" मल्लेशनं डॅशबोर्डवर थाप मारली. "आवाज बी गेला! म्हंजी बेअरिंग चांगलंय सर, तेलच कमी होतं." त्याला भलताच आनंद झाला होता. मी गाडी गल्लीत घेतली. कुत्री निजून राहिली. फाटकाशी थांबलो, दार आपटलं, पायऱ्या चढलो. आई ओसरीवर होती. तिनं मान वर केली आणि अदबीनं विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

"आई, मी."

"बसा ना. मुलगा येईलच माझा."

थोड्या वेळानं तिनं मला ओळखलं, कॉफी मागितली, कॉफी पांचट झाली म्हणून बोललीही. पण माझं चित्त उडालं ते उडालंच. पुढचे दिवस ती ओसरीच्या एकाच टोकाला बसायची, मान थोडी कलती करून, मुरुडच्या दिशेला कान लावून. मी जवळ जाऊन बसलो की बोटानं गप्प राहायची खूण करायची. एकदा म्हणाली, "लांब आहे अजून. पण निघालाय." नीलम्माकाकूंनाही तिनं तेच सांगितलं. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, आईचं ध्यान कुठं तरी लागलंय बघा. जपून ऱ्हावा."

मी मल्लेशला फोन केला की जुनं तेल परत दे. तो हसला. "सर, ते चोपडून झालं की खांबाला! अन् नवं काढून जुनं कोण घालतंय? लोक काय म्हणतील?" रोगापेक्षा औषध जड झालं होतं, पण हे सांगायचं कुणाला? अपूर्वाला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली की मी तिथं एकटा राहून राहून कुढतोय. असेलही तसं.

आणि वेळ अमावास्या आली. येळवस. त्या दिवशी लातुरात माणूस शोधून सापडत नाही. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. भज्जी, उंडे, आंबिलीची मडकी घेऊन सकाळपासून जी रीघ लागते, ती दुपारपर्यंत शहर रिकामं करून जाते. नीलम्माकाकू आम्हाला चला चला म्हणून थकल्या. मी नाही म्हटलं, गर्दीत आई बावरते. त्यांनी आमच्यासाठी डबा ठेवला आणि ट्रॅक्टर भरून सगळे गेले.

मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर ओसरी रिकामी. चपला नाहीत. फाटक उघडं.

गाडी काढली. फाटकाबाहेर वळलो आणि सवयीनं तिसरा टाकला, आणि मग लक्षात आलं की मी काहीच करत नाहीये. नुसती एक गाडी चालली होती, गल्लीतून कुठलीही जावी तशी. हॉर्न वाजवला. हॉर्नशी तिचं काही नातं नव्हतं. काच खाली करून "आई, आई" अशा हाका मारल्या. दोन्ही बाजूंना कुलपं. प्रत्येक फाटकाला कुलूप, दारात सकाळची रांगोळी, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, आणि विचारायला एक माणूस नाही. देवळाच्या मागे पाहिलं. इथल्या शाळेच्या पायऱ्यांवर पाहिलं. एस.टी.च्या थांब्यावर एक कुत्रं निजलेलं. भर दुपारचं ऊन. मला भीती वाटली, सरळ सांगतो. ती एखाद्या कुलूपबंद भिंतीमागे बसलेली असेल, माझी वाट बघत असेल, आणि मी तिच्यासमोरून आवाज न करता निघून जात असेन.

एका चौकात गाडी बंद केली, म्हटलं जरा कानोसा घ्यावा. इंजिन थांबलं आणि सगळीकडे सामसूम झाली.

आणि मग मला माझी गाडी ऐकू आली.

पलीकडच्या गल्लीत, तिसऱ्या गिअरमध्ये. तोच बारीक, लांब सूर. मी किल्ली हातात धरून बसलो होतो. सूर माझ्या रस्त्याला समांतर पुढे गेला. शाळेसमोर गतिरोधक आहे; त्याच्याआधी मी उगाच एकदा अॅक्सिलरेटर दाबतो आणि मग दुसरा टाकतो. वाईट खोड, अपूर्वा दर वेळी बोलते. त्या आवाजानंही एकदा दाबला, मग दुसरा टाकला. मग पुन्हा तिसरा.

मी गाडी चालू केली आणि त्या गल्लीत शिरलो. गल्ली रिकामी. धूळसुद्धा उडालेली नव्हती. आवाज पुढच्या वळणापलीकडे होता. वळलो, तर त्याच्या पुढच्या वळणापलीकडे. मी वेग वाढवला की तोही वाढवायचा, मी थांबलो की तोही थांबायचा, वाट बघितल्यासारखा. एकदा वाटलं, परत फिरावं, घरी जावं, दार लावून घ्यावं. पण आई कुठं तरी हेच ऐकत असणार. ऐकलं की ती जाणार. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

तो आवाज मला बार्शी रोडला, मुरुडच्या वाटेला घेऊन गेला. शहर संपलं आणि माणसं दिसायला लागली. दोन्ही अंगांना ज्वारीत, हरभऱ्यात कडब्याच्या कोप्या, त्यांच्याभोवती जेवणाऱ्या पंगती. रस्त्याकडेचे लोक मला हात करून बोलावत होते, या सर, आंबील घ्या म्हणत होते. येळवसला वाटसरूला उपाशी सोडत नाहीत. मी कुणाकडे बघू शकलो नाही. पुढे तो सूर चालला होता, एकाही माणसानं मान वळवली नाही, आणि मी त्याच्या मागे माझ्याच गाडीत, गाडीचा आवाज न करता.

मल्लेशच्या आखाड्यापाशी सूर थांबला. फाटकाचे दोन्ही खांब काळेभोर, उन्हात चकाकत होते. उजव्या खांबाला टेकून आई उभी होती. डोळे मिटलेले, कान लाकडाला लावलेला, आणि गालाला, कानाच्या पाळीला, पांढऱ्या केसांना ते तेल माखलेलं. हसत होती.

"आई!" मी धावत गेलो. तिचा हात धरला.

तिनं डोळे उघडले. "जरा सरका ना भाऊ," म्हणाली. "मध्ये उभे राहू नका. मुलाची गाडी येतेय माझ्या."

"आई, मी यज्ञेश. बघ माझ्याकडे. ही बघ गाडी."

तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वर्गात नव्या आलेल्या मुलाकडे बघावं तितकंच. "ती नाही," ती म्हणाली. "त्याची बोलते."

मी खांबाला हात लावला. गिअरची मूठ हाताखाली जशी बारीक थरथरायची, तसा तो खांब थरथरत होता. मी हात झटकन काढून घेतला.

आतून मल्लेश आणि काकू धावत आले. मल्लेशच्या हातात भाकरीचा घास तसाच होता. "सर, आलात व्हय! मघाधरनं तुमची गाडी ऐकू यायलीय. मी दोन डाव रस्त्यावर येऊन बगितलं, कुणीच न्हाई. आई कवा उतरल्या आमाला पत्ता बी न्हाई."

"टेम्पोतनं आल्या म्हणं," काकू म्हणाल्या. "मुरुडची माणसं होती. आईंनीच त्यांना इथं थांबवलं. मुलगा हाक मारायलाय म्हणल्या."

मल्लेश माझ्या गाडीकडे बघत होता. घास त्याच्या हातात होता, तो तोंडात घालायचं विसरला. "सर," तो हळूच म्हणाला, "पर आवाज तर गेला होता की."

काकूंनी कपाळावरच्या भस्माला आणि गळ्यातल्या लिंगाला बोटं लावली.

तेवढ्यात पुन्हा आला. मुरुडकडून, तिसऱ्यात, वळणाआडून जवळ जवळ. आईनं माझा हात असा झिडकारला की तिच्यात एवढा जोर आहे हे मला माहीतच नव्हतं. ती रस्त्यावर गेली, हात वर करून, मधोमध. सूर तिच्याजवळून निघून गेला, आणि त्याच्यामागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. मल्लेशनं तिला कमरेला धरून मागे ओढलं. ट्रॅक्टरवाला शिव्या देत गेला. आईनं मल्लेशला चापट मारली. "थांबला असता तो! तुम्ही मध्ये आलात!"

आम्ही तिला आत न्यायचा प्रयत्न केला. ती खांब सोडेना. उचलून न्यावं म्हटलं तर किंचाळली, तशी ती आयुष्यात किंचाळली नव्हती; पंगतीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. काकूंनी आंबील आणून दिली, ती तिनं घेतली, काकूंना धन्यवाद म्हटलं आणि कान पुन्हा लाकडाला लावला. आवाज फिरून फिरून येत होता. येताना तिसरा, फाटकापाशी दुसरा, पण थांबत नव्हता. दर खेपेला ती रस्त्यावर धावायची आणि दर खेपेला तिला धरायला लागायचं. ऊन कलायला लागलं. ट्रॅक्टर वाढले. एका खेपेला माझी बोटं तिच्या तेलकट मनगटावरून निसटली, आणि मल्लेश नसता तर तिथंच सगळं संपलं असतं.

मग मला राग आला. त्या आवाजाचा आला, स्वतःचा आला, आईचासुद्धा आला. मुलगा मी आहे. तिला शोधत इतक्या वेळा उन्हातान्हात फिरलो तो मी. आणि तिला मुलगा दिसतो तो त्या जुन्या तेलात! मी गाडीत बसलो, मल्लेशला म्हटलं, "धरून ठेव," आणि मुरुडच्या अंगाला त्या वळणापलीकडे गेलो. गाडी फिरवली. चारही काचा खाली केल्या. तिसरा टाकला.

आणि तोंडानं तो आवाज काढायला लागलो.

माझं वय काय, मी करतोय काय, ते मला कळत होतं. दात आवळून, नाकातून, लहानपणी पोरं चाक फिरवत पळतात तसा. पहिल्यांदा नीट जमला नाही. मग घशात थोडा वर नेला आणि सापडला, तोच बारीक सूर. मी इतकी वर्षं तो ऐकला होता, तो माझ्यातही होताच कुठं तरी. फाटक जवळ आलं. लोक रस्त्याकडेला उभे राहून बघत होते, कुणी हसलं नाही. मी फाटकाआधी उगाच एकदा अॅक्सिलरेटर दाबला, तोंडानं. मग दुसरा टाकला. मग थांबलो, पण सूर सोडला नाही.

आईनं खांब सोडला. पदर सावरला. हात वर केला.

"आला का रे?"

आणि दार उघडून माझ्याशेजारी बसली. मला इतकं भरून आलं की सूर तिथंच तुटला असता. पण तुटला तर ती उतरली असती. मी डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं, मान हलवली आणि गाडी लातूरच्या दिशेला काढली. मल्लेशनं बाहेरून दार नीट लावून घेतलं.

ती समोर बघत होती. गालावर तेल वाळलेलं, मांडीवर हात. मी तसाच सूर धरून होतो. नाकात वळवळायला लागलं, घसा सुकला, छातीत कळ येऊ लागली. एक ट्रॅक्टर मागे टाकला, मग दुसरा. कोप्या मागे पडल्या. अजून थोडं, अजून थोडं, असं मनाशी म्हणत होतो. शेवटी डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी थांबलो, दम घ्यायला.

सूर थांबला नाही.

मागच्या सीटवरून येत होता. अगदी जवळून, माझ्या मानेमागून, न थकता, न चुकता, मला जमला त्याच्यापेक्षा कितीतरी नीट. आरसा डोळ्यांसमोर होता. मी त्यात पाहिलं नाही.

आई मागे वळली. किती वेळ बघत राहिली कोण जाणे. मग तिनं खांद्यावरची शाल काढली, मागच्या सीटवर हळूच पसरली, कडा नीट खोचल्या, आणि पुन्हा पुढे तोंड करून बसली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे झुकली आणि आवाज खाली आणून, परक्या माणसाला विनंती करावी तशी म्हणाली, "भाऊ, गाडी जरा सावकाश घ्या. मागं माझा यज्ञेश झोपलाय."

मी गाडी सावकाश घेतली.